गावाकडचा ऑनलाइन व्हिडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी-जालना भागात मी सप्ताह, लग्नं आणि शेतीच्या कामांचं शूटिंग करतो. त्यातलं बरंचसं लाईव्ह जातं किंवा यूट्यूबवर चढतं. कामाच्या निमित्तानं भेटणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

हे सगळं इतक्या झपाट्यानं वाढलं कधी?

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा आहे. अवघ्या १९ सेकंदांचा. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून दोन-तीन वाक्यं बोलतो, एवढाच. पुढच्याच वर्षी गूगलनं ती कंपनी १६५ कोटी डॉलरना विकत घेतली. त्या काळात आपल्या गावांत यातलं काही पोचलेलं नव्हतं. आपल्याकडे मोबाइलवरचा व्हिडिओ आला तो मेमरी कार्डावर. बसस्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, आणि दुकानदार संगणकावरून भीमगीतं, भारुडं, कॉमेडी, पिक्चरचे तुकडे भरून द्यायचा. थ्रीजीपी नावाची ती फाइल बोटभर पडद्यासाठी बनलेली असायची. माणसाचं तोंड ओळखू आलं तरी भागायचं.

खरा फरक पडला ५ सप्टेंबर २०१६ नंतर. त्या दिवशी जिओ सुरू झालं, नेट काही महिने फुकट मिळालं आणि बाकीच्या कंपन्यांनाही दर पाडावे लागले. त्याआधी एक जीबीचा पॅक अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचा आणि तो महिनाभर पुरवून वापरावा लागायचा. नंतर तेवढं नेट दिवसाला मिळू लागलं. वावरातल्या आखाड्यावर बसून माणूस फवारणीचा व्हिडिओ बघू लागला तो तेव्हापासून. मग टिकटॉक आलं. २९ जून २०२० ला सरकारनं त्यासह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची सुरुवात आपल्याच देशातून केली. तोवर लॉकडाऊनमुळे लातूरच्या शिकवण्यांपासून जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत सगळं मोबाइलच्या पडद्यावर आलेलं होतं. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जीचा प्रारंभ झाला.

माझ्या मते या वाढीचं सगळ्यात मोठं कारण दर नव्हेच. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला इंटरनेट पहिल्यांदा कामी आलं ते व्हिडिओमुळे. माइकचं बटण दाबून "तुरीवरची अळी" म्हटलं की माहिती समोर येते. टाईप करावं लागत नाही, इंग्रजी लागत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी आजीबाई रोज पहाटे मोबाइलवर हरिपाठ लावतात. त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

एवढा मोठा व्हिडिओ दिवसाच्या दीड जीबीत बसतो तरी कसा?

हा प्रश्न लोक सहज विचारतात, पण सगळ्या तंत्राचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट लागतात, म्हणजे एक चित्र झालं ६ एमबीच्या वर. सेकंदाला अशी २५ चित्रं लागतात. हिशेब केला तर न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला साधारण १५५ एमबी खाईल. तुमचा दिवसाचा दीड जीबी दहा सेकंदांत संपेल, आणि त्यात आवाज धरलेलाच नाही.

म्हणजे व्हिडिओ आपल्यापर्यंत पोचतो तो शंभरपट, कधी त्याहूनही जास्त दाबूनच. हे दाबण्याचं काम जे गणित करतं त्याला कोडेक म्हणतात. किराणा दुकानाच्या खातेवहीत जशी "मागील बाकी" लिहून पुढे फक्त आजची घेव-देव मांडतात, तसंच कोडेक एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं नोंदवतो. कीर्तनकार उभे आहेत, मागे पडदा आहे. पडदा हललाच नाही, तर तो पुन्हा लिहायचं कारण नाही. हात वर गेला तर हाताचा भाग कुठून कुठे सरकला एवढीच नोंद. दर काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र येतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधूनच व्हिडिओ पुढे ढकलला की क्षणभर थांबतो, त्यामागे हे एक कारण असतं: जवळच्या कीफ्रेमपासून सगळं पुन्हा उभं करावं लागतं.

डोळ्याला न कळणारी माहितीही कोडेक गाळून टाकतो. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारीक फरक कळतो, रंगाचा तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती सुरुवातीलाच कमी करून घेतात.

मग पावसाचा, वाऱ्यात डुलणाऱ्या ज्वारीचा किंवा गुलालाचा व्हिडिओ का फुटतो?

कारण तिथे प्रत्येक ठिपका बदलतोय. मागची नोंद पुढे कामाला येत नाही. नोंदायचं खूप आणि जागा तेवढीच, त्यामुळे कोडेक बारकावे सोडतो आणि चित्रात चौकोन दिसू लागतात. मिरवणुकीत गुलाल उधळला की हमखास हेच होतं. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर पाण्याचे व्हिडिओ सगळे काढतात, आणि बहुतेकांचे अपलोड केल्यावर पिठासारखे दिसतात.

यावर माझा उपाय साधा आहे. मोबाइल हातात हलवत ठेवू नका, कठड्याला टेकवा. पाणी हलणारच, निदान आजूबाजूचं सगळं स्थिर राहू द्या. आणि यूट्यूबला द्यायची फाइल आधीच कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घालून लहान करू नका. तिकडे ती पुन्हा दाबली जाते. दोनदा दाबलेल्या चित्राचं दुखणं नंतर कुणालाच बरं करता येत नाही.

बघता बघता चित्र मधूनच पुसट होतं आणि परत चांगलं होतं. मोबाइल खराब झाला का?

नाही. उलट व्यवस्था नीट चालल्याची ती खूण आहे. अपलोड झालेल्या व्हिडिओच्या तिकडे अनेक प्रती तयार होतात: १४४पी, २४०पी, ३६०पी, ४८०पी, ७२०पी, १०८०पी (हा आकडा म्हणजे चित्रात उभे ठिपके किती ते). प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. तुमचा मोबाइल एकेक तुकडा मागवतो आणि मागचा तुकडा किती वेळात आला ते मोजतो. लवकर आला तर पुढचा वरच्या दर्जाचा मागवतो, उशिरा आला तर खालच्या. ही पद्धत अ‍ॅपलनं २००९ मध्ये एचएलएस या नावानं आणली. डॅश नावाची दुसरी पद्धत २०१२ मध्ये प्रमाण म्हणून ठरली. यूट्यूबवर अपलोड केल्यानंतर सुरुवातीला व्हिडिओ फक्त पुसट दिसतो तेही याच प्रतींमुळे. लहान प्रत आधी तयार होते, एचडी मागाहून. तेवढ्यात घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका.

पूर्वी असं नव्हतं. एकच प्रत असायची, नेट मंदावलं की गोल फिरत राहायचं. संगणकावर तर फ्लॅश प्लेअर नावाचा वेगळा जोड लागायचा. यूट्यूबनं तो २०१५ मध्ये सोडला आणि २०२० च्या अखेरीस तो बनवणाऱ्या अडोब कंपनीनंच बंद केला.

रेंज फुल्ल आहे, तरी संध्याकाळी का अडकतं?

दांड्या दाखवतात टॉवरची ताकद. त्या टॉवरवर त्या वेळी किती जण बसलेत ते दांड्यांवर दिसत नाही. जेवणाच्या वेळेला सगळं गाव एकदम व्हिडिओ लावतं आणि टॉवरची क्षमता तेवढ्यांत वाटली जाते. त्यात लाईट गेली, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि टॉवरची बॅटरी संपली, तर प्रश्नच मिटला. मोठे व्हिडिओ पहाटे डाउनलोड करून ठेवणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

तासभर व्हिडिओ बघितला तर किती नेट जातं?

एक सूत्र लक्षात ठेवा: सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी (८ मेगाबिटांचा एक एमबी होतो). बाकी सगळं यावरून काढता येतं. नेटफ्लिक्सनं स्वतः दिलेला अंदाज साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत असा आहे. सहा इंचांच्या पडद्यावर ४८०पी पुरेसं असतं. फक्त आवाज ऐकायचा असेल, कीर्तन किंवा बातम्या, तर १४४पी लावा.

एकच व्हिडिओ पोराच्या मोबाइलवर सुरळीत चालतो, माझा जुना मोबाइल मात्र तापतो. असं का?

कोडेक बदलत गेले म्हणून. एच.२६४ हा २००३ चा, तो जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ मध्ये एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, आणि गूगलचा व्हीपी९ असे दोन आले. २०१८ मध्ये एव्ही१ आला. तो मोठ्या कंपन्यांनी मिळून बनवला आणि वापरायला त्याची रॉयल्टी ठेवली नाही. नवा कोडेक तेच चित्र कमी जागेत बसवतो, पण ते उलगडायला जास्त गणित करावं लागतं. नव्या मोबाइलच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो. जुन्यात तो नसतो, मग मुख्य प्रोसेसरला राबावं लागतं, मोबाइल तापतो आणि बॅटरी उतरते.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. नव्या मोबाइलमध्ये कॅमेऱ्याची सेटिंग एचईव्हीसीवर असली, तर तो व्हिडिओ एखाद्या जुन्या संगणकावर उघडतच नाही, किंवा फक्त आवाज येतो. एडिटिंगला दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर शूटिंगच्या आधी एच.२६४ निवडा. फाइल मोठी होईल, पण अडणार नाही.

मॅचमध्ये शेजाऱ्यांकडे आरडाओरडा आधी होतो, आमच्याकडे विकेट नंतर पडते. नेट स्लो आहे का?

नेट वेगवान असलं तरी हे होतं. मैदानातलं चित्र आधी दाबायचं, त्याच्या प्रती करायच्या, तुकडे पाडायचे, ते गावागावांतल्या नेट कंपन्यांजवळच्या सर्व्हरपर्यंत पोचवायचे आणि मग तुमचा मोबाइल दोन-तीन तुकडे गाठीशी घेऊन सुरू होणार. यात वीस-तीस सेकंद सहज जातात. डिशला यातल्या बऱ्याच पायऱ्या नाहीत. हा उशीर कमी करता येतो, पण गाठीशी तुकडे कमी ठेवले की अडकण्याचा धोका वाढतो. कोट्यवधी लोक बघत असतील तर कंपनी उशीर पत्करते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच वेळी बघत होते. इतक्यांना चित्र न तुटता पोचलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

व्हिडिओ कॉल मात्र लगेच पोचतो, मग त्यातच चित्र का तुटतं?

कारण कॉलमध्ये साठवून ठेवायची सोयच नाही. तिकडून बोललेलं इकडे अर्ध्या सेकंदाच्या आत ऐकू आलं नाही तर संभाषण होत नाही. म्हणून कॉलमध्ये हरवलेला तुकडा बहुतेक वेळा परत मागवत नाहीत, सोडून पुढे जातात. चित्र गोठतं, आवाज चालू राहतो. अडलेल्या वेळी आवाज वाचवायचा हे अ‍ॅपवाल्यांनी ठरवूनच केलेलं आहे.

बीड, धारूर, केज, गेवराईकडची माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात. लेकरं गावी आजी-आजोबांजवळ. फडातून कोपीवर आल्यावर रात्री जो कॉल लागतो त्यावर त्या घराचं सगळं चालतं. त्यांना मी एकच सांगतो: चित्र गोठलं की कॉल कापू नका, कॅमेरा बंद करा. आवाज साफ होतो. आणि लेकराचं काही दाखवायचंच असेल, प्रगतीपुस्तक म्हणा, नवा ड्रेस म्हणा, तर त्याचा छोटा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. तो रेंज आली की आपोआप पोचतो, आणि परत परत बघता येतो.

सप्ताहातलं कीर्तन लाईव्ह करायचंय. काय काय लागेल?

सगळ्यात आधी महाराजांची परवानगी. काही कीर्तनकारांना रेकॉर्डिंग नको असतं आणि त्यांचं ते म्हणणं मानलंच पाहिजे. मंडपात येऊन ऐन वेळी वाद घालण्यापेक्षा नारळ देतानाच विचारा.

चॅनेलवर लाईव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना यूट्यूब २४ तासांपर्यंत वेळ घेतं. मोबाइलवरून लाईव्ह जायचं तर किमान ५० सबस्क्रायबर हवेत. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी हे उमजून उपयोग नाही.

आता नेट. ७२०पी लाईव्हला सेकंदाला ४ मेगाबिट धरा. वरच्या सूत्रानं तासाला १.८ जीबी. कीर्तन रात्री ९ ते ११, म्हणजे ३.६ जीबी. दिवसाला दीड किंवा दोन जीबीचं पॅक असेल तर महाराज अभंगाचं दुसरं चरण सोडवत असतानाच लाईव्ह बंद पडेल. आधी जादा पॅक मारा, नाहीतर ५४०पीवर या. आणि स्पीड तपासताना डाउनलोड बघू नका, अपलोड बघा. लागतो त्याच्या दुप्पट अपलोड मिळत असेल तरच सुरू करा. तपासणी दुपारी करू नका, रात्री नऊला करा, कारण खरी गर्दी तेव्हाच असते. ग्रामपंचायतीत सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर चालू असेल तर सरपंचांना विचारून तिथून वायर ओढता येते. जिथे ती खरोखर चालू आहे तिथे मोबाइलच्या टॉवरपेक्षा ती कितीतरी भरवशाची.

आवाजाबद्दल मी हट्टी आहे. लोक पुसट चित्र सहन करतात, घुमणारा आवाज दोन मिनिटंही ऐकत नाहीत. मंडपातल्या भोंग्याचा आवाज मोबाइलच्या माइकनं घेऊ नका. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घ्या. त्याला आवाज मोबाइलच्या मानानं उतरवायला सांगा, नाहीतर टाळकरी सुरात आले की सगळं फाटतं. पखवाज आणि टाळ मिक्सरवर नसतील तर कीर्तनकारांचा आवाज एकटाच कोरडा येतो, म्हणून टाळकऱ्यांच्या बाजूला एक माइक जास्तीचा ठेवायला लावा.

मंडपातल्या एलईडी माळा आणि ट्यूबलाईट चित्रात लुकलुकतात, पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा, किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५० नाहीतर १/१०० करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबतं.

लाईव्ह चालू असताना दुसऱ्या मोबाइलवर पूर्ण रेकॉर्डिंगही करत राहा. लाईट जाईल, टॉवर जाईल, पण काल्याचं कीर्तन परत होणार नाही. सकाळपासून अखंड लाईव्ह ठेवायचा विचार असेल तर तो १२ तासांच्या आत तोडून नवा सुरू करा. त्याहून लांब लाईव्ह चॅनेलवर आपोआप साठवला जाईलच असं नाही.

आणि हक्काचं एक. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या गायकानं गायलेली, कंपनीनं काढलेली त्यांची ध्वनिफीत कंपनीची असते. कीर्तन सुरू होण्याआधी साऊंडवाला ती लावतो आणि यूट्यूबची यंत्रणा आपोआप ओळखून व्हिडिओवर दावा टाकते. लाईव्ह सुरू करण्याआधी ते गाणं बंद करायला लावा.

उभा व्हिडिओ काढावा की आडवा?

रील, शॉर्ट्ससाठी उभा. कीर्तन, लग्न, शेतीची माहिती, टीव्हीवर बघायचं सगळं आडवं. आडव्यातून उभा तुकडा कापता येतो, उभ्यातून आडवा काढता येत नाही. शंका असेल तिथे आडवा.

यूट्यूबचे पैसे कधी सुरू होतात?

जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यासोबत वर्षभरात ४००० तास बघणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला मिळतात, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के. खात्यात १० डॉलर जमले की गूगल तुमच्या पत्त्यावर पोस्टानं पिन पाठवतं. तो भरल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय ते बँकेत येत नाहीत.

हे पाकीट गावात हरवतं. पत्त्यात वाडी-तांड्याचं नाव, मुख्य गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं नीट लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. साधं पाकीट असतं, रजिस्टर नसतं. लग्नपत्रिकांच्या ढिगाऱ्यात जाऊन पडतं.

या कमाईवर घर चालवायचं ठरवून कुणी कॉलेज सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी व्हिडिओवर हजार व्ह्यूजला मिळणारा पैसा थोडा असतो आणि तो दर महिन्याला बदलतो. पण स्वतःचं रोपवाटिकेचं, शेळ्यांचं, पापड-कुरड्यांचं काम असेल तर चॅनेल त्याला गिऱ्हाईक आणतं. तो पैसा जाहिरातीच्या वाट्यापेक्षा पक्का.

पिकाचं नुकसान झालं तर व्हिडिओ पुरावा म्हणून चालतो का?

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेलं, कुठे तर जमीनच खरवडून गेली. तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात, व्हिडिओ त्याची जागा घेत नाही. पण नंतर वाद झाला, पंचनाम्यात नाव सुटलं, तर आपल्या हातात काहीतरी असावं.

असा व्हिडिओ काढताना लोकेशन चालू ठेवा. सुरुवात बांधावरून करा, जिथून रस्ता, विहीर, मंदिर, डीपी असं काहीतरी ओळखीचं दिसतं. तोंडानं तारीख, गाव, गट नंबर आणि पिकाचं नाव सांगा. मग न थांबवता, न कापता वावरात चालत जा. सावकाश फिरवा. एखादं झाड उपटून शेंगा जवळून दाखवा: कोंब फुटलेत का, काळ्या पडल्यात का, मुळ्या सडल्यात का. खाली पाणी किती उभं आहे त्यात काठी धरून दाखवा. वर गाणं लावू नका.

आणि ती मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच राहू द्या. फाइलच्या आत काढल्याची तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो नव्यानं दाबला जातो आणि ही नोंद गळून पडते. ग्रुपवर फिरलेली प्रत कितीही स्पष्ट दिसली तरी ती मूळ नव्हे. विम्याची पूर्वसूचना नुकसानीनंतर ७२ तासांत द्यायचा नियम २०२४ पर्यंत होता; सध्या काय नियम आहे ते कृषी कार्यालयात विचारा, व्हिडिओच्या नादात ते राहून जाऊ देऊ नका.

एआयनं बनवलेला व्हिडिओ ओळखायचा कसा?

बोटं मोजा, डोळ्यांची उघडझाप बघा, हे जुने सल्ले आता पुरत नाहीत. ओपनएआय कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नुसत्या वर्णनावरून व्हिडिओ बनवणारं सोरा दाखवलं, मे २०२५ मध्ये गूगलचं व्हिओ ३ आवाजासकट चित्र बनवू लागलं. डोळ्यावर विसंबायचे दिवस गेले. त्यापेक्षा विचारा: हा व्हिडिओ पहिल्यांदा कुणी टाकला? दुसऱ्या कुठल्या कोनातून त्याच घटनेचा व्हिडिओ आहे का? पाट्या, गाड्यांचे नंबर, माणसांची बोली त्या गावची वाटते का? नांदेडचा पूर म्हणून आलेल्या व्हिडिओत लोक आसामी बोलत असतील, तर तो एआयचा नसूनही खोटाच. पुराच्या दिवसांत असे जुने, परगावचे व्हिडिओच जास्त नुकसान करतात. माणसं घर सोडून पळतात, किंवा पळायचं तेव्हा पळत नाहीत.

कुणाच्या चेहऱ्याचा किंवा आवाजाचा वापर करून पैसे मागितले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीत पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त असते. मुलीचा खोटा व्हिडिओ बनवून कुणी धमकावत असेल तर तिला बोल लावू नका. मेसेज आणि नंबर जपून ठेवा, तक्रार करा.

टिकटॉकवरचे माझे व्हिडिओ गेले. आता टाकतोय ते कसे जपायचे?

मला या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात मोठा वाटतो. २०२० मध्ये एका रात्रीत अ‍ॅप बंद झालं आणि आपल्या भागातल्या पोरापोरींनी वावरात, तांड्यावर, वीटभट्टीवर काढलेले हजारो व्हिडिओ दिसेनासे झाले. कितीतरी जणांनी थेट अ‍ॅपच्या कॅमेऱ्यातच शूट केलं होतं, त्यामुळे गॅलरीत काहीच उरलं नव्हतं. मेमरी कार्डाच्या काळातलंही तसंच गेलं. गावोगावच्या शाहिरांची, गोंधळ्यांची, वाघ्या-मुरळीची जी गाणी दुकानातून कार्डावर फिरायची, ती कार्डं खराब झाली, दुकानं बंद पडली, गाणाऱ्यांतली काही माणसंही गेली. अ‍ॅप कुठल्याही कंपनीचं असो, ते दाखवायची जागा आहे, साठवायची नाही. हे डोक्यात ठेवूनच काम करा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातच शूट करा, अ‍ॅपमध्ये नाही. एडिट झाल्यावर बनलेली फाइल आणि मूळ तुकडे दोन्ही ठेवा. महिन्यातून एकदा ते संगणकाच्या हार्डडिस्कवर उतरवा आणि शक्यतो दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, मामाकडे, कुठेही. पेनड्राईव्हवर वर्षानुवर्षं विसंबू नका. फाइलला नाव द्या: वर्ष, महिना, गाव, कशाचं शूटिंग, कोण बोलतंय. उदाहरणार्थ "२०२५-१२ सेलू जात्यावरच्या ओव्या". नुसते मोबाइलनं दिलेले आकडे असले की पाच वर्षांनी आपल्यालाच काही सापडत नाही. म्हाताऱ्या माणसाचं गाणं, ओवी, जुनी हकीकत काढली असेल तर शेवटी त्यांचं नाव, गाव आणि साधारण वय त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या. ते चित्रातच राहतं, फाइलचं नाव बदललं तरी हरवत नाही.

टाकलेल्या पण मूळ फाइल हरवलेल्या व्हिडिओंसाठी गूगल टेकआऊट या, आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून आपल्या यूट्यूब चॅनेलवरचे व्हिडिओ परत उतरवून घेता येतात. इन्स्टाग्रामवरही आपली माहिती डाउनलोड करायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. फायबर असलेल्या ठिकाणी बसून हे करा, मोबाइल पॅकवर होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला व्हिडिओ पुसट येतो. मूळ दर्जाचा कसा पाठवायचा?

व्हिडिओ म्हणून जोडू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा. तेव्हा तो न दाबता, जसाच्या तसा जातो. २ जीबीपर्यंतची फाइल चालते. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक द्या, आणि समोरच्यानं ती उतरवून घेतल्याचं फोन करून विचारल्याशिवाय तुमच्याकडची प्रत पुसू नका.